कोल्हापूर ते तिरुपती: अंतर ६५७ किलोमीटर, पण वेळ किती?

कोल्हापूर आणि तिरुपती या दोन विमानतळांमधले अंतर किती, असे इंटरनेटवरच्या कोणत्याही अंतरमापकाला विचारले की क्षणात उत्तर मिळते: सुमारे ६५७ किलोमीटर. त्याच्याच खाली बहुधा उड्डाणाचा वेळही दिलेला असतो, तो साधारण एक तास वीस मिनिटे. यातला पहिला आकडा बरोबर आहे. दुसरा मात्र, ज्या प्रकारच्या विमानाने ही सेवा आमच्या गावातून सुरू झाली त्या विमानापुरता तरी, चुकीचा आहे, आणि तो का चुकतो हे समजून घेतले तर लहान विमानतळांवरून होणाऱ्या प्रवासाचे बरेचसे गणित आपोआप उलगडते. घरातल्या ज्येष्ठांच्या तिरुपती-वारीची आखणी माझ्याकडे असल्यामुळे हे गणित मला वारंवार मांडावे लागते. तेच येथे सविस्तर लिहीत आहे.

ही दोन गावे विमानाने जोडली जाण्यामागे बाजारपेठ किंवा उद्योग यांच्यापेक्षा दैवतांचे नाते अधिक आहे. भृगू ऋषींनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली, विष्णूने त्यांना क्षमा केली, आणि त्यामुळे रुसलेली लक्ष्मी करवीरास, म्हणजे कोल्हापुरास, येऊन राहिली, ही कथा दोन्ही ठिकाणी सांगितली जाते. दरवर्षी नवरात्रात तिरुमला तिरुपती देवस्थानाकडून अंबाबाईला मानाचा शालू येतो आणि त्या दिवसांत त्याची बातमी स्थानिक वर्तमानपत्रांत ठळकपणे छापून येते. बालाजीचे दर्शन घेतल्यानंतर अंबाबाईचे दर्शन झाल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही अशी भावना असलेले हजारो भाविक आंध्र आणि तेलंगणातून कोल्हापूरला येतात, तर आमच्याकडचे लोक उलट दिशेने जातात. दोन्हीकडून प्रवासी मिळण्याची अशी खात्री फार थोड्या लहान शहरांच्या जोड्यांना लाभते. २०१९ मध्ये इंडिगोने एटीआर ७२ जातीच्या विमानाने ही थेट सेवा सुरू केली तेव्हा कोल्हापुरात कोणालाच त्याचे नवल वाटले नाही. उलट इतके दिवस ती का नव्हती, असाच सूर होता.

आता अंतराबद्दल. ६५७ किलोमीटर हे पृथ्वीच्या पृष्ठभागावरचे सर्वांत कमी अंतर आहे. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला बृहद्वृत्त म्हणतात, त्या वर्तुळाच्या तुकड्यावर ते मोजले जाते. युरोप किंवा अमेरिकेच्या प्रवासात ही रेषा नकाशावर चांगलीच वाकलेली दिसते, पण एवढ्या थोड्या अंतरात आणि विषुववृत्ताच्या इतक्या जवळ तिचा बाक दोन किलोमीटरही भरत नाही. त्यामुळे शाळेतला नकाशा घेऊन कोल्हापूरपासून तिरुपतीपर्यंत पट्टीने रेघ मारली तरी चालते. ही रेघ आग्नेयेकडे, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १२० अंशांवर जाते, आणि ती कोणकोणत्या गावांजवळून जाते हे पाहताना मी बराच वेळ रमलो होतो. चालुक्यांची बदामी तिच्या अगदी लगत येते. पुढे विजयनगरची हंपी रेघेपासून फार तर सात-आठ किलोमीटर दक्षिणेला राहते. बळ्ळारी जवळजवळ नेमक्या मध्यावर आहे, आणि त्यानंतर अनंतपूर उजव्या हाताला टाकून रेघ तिरुपतीच्या डोंगरांत शिरते. ज्या कृष्णदेवरायाचा पुतळा दोन राण्यांसह तिरुमलाच्या मंदिरात हात जोडून उभा आहे, त्याची राजधानी कोल्हापूर आणि तिरुपती यांना जोडणाऱ्या सरळ रेषेच्या इतकी जवळ असावी, हा निव्वळ योगायोग आहे. पण हवा स्वच्छ असलेल्या दिवशी उजव्या बाजूच्या खिडकीतून तुंगभद्रेचा विस्तीर्ण जलाशय शोधायला तो पुरेसा आहे.

प्रत्यक्षात विमान या रेघेवरून तंतोतंत जात नाही. हवाई मार्ग ठरलेले असतात, नियंत्रण कक्षाच्या सूचना असतात, आणि दोन्ही टोकांना धावपट्टीच्या दिशेशी जुळवून घ्यावे लागते. तरीही जमिनीवरच्या मार्गांशी तुलना केली तर हा फरक किरकोळ ठरतो. हरिप्रिया एक्स्प्रेस मिरज, बेळगाव, लोंढा, हुबळी, गदग, होसपेट, बळ्ळारी, गुंतकल, कडप्पा, रेणिगुंटा असा प्रवास करीत तिरुपतीला पोहोचते. तिचा मार्ग नऊशे किलोमीटरच्या वर भरतो आणि त्याला एकोणीस-वीस तास लागतात. बळ्ळारीत रेल्वे आणि आपली काल्पनिक रेघ एकमेकींना भेटतात, परंतु त्याआधी रेल्वे लोंढ्याकडे दक्षिणेला झुकलेली असते आणि त्यानंतर गुंतकलच्या बाजूने उत्तरेचा फेर घेते, त्यामुळे जवळपास चाळीस टक्के अंतर वाढते. मोटारीने बेंगळुरूमार्गे गेल्यास साडेआठशे किलोमीटरच्या आसपास पडतात. लागणारा वेळ सर्वस्वी चालकाच्या दमावर अवलंबून असल्यामुळे त्याचे तास मी देत नाही.

वेळेचा प्रश्न खरा गुंतागुंतीचा आहे. उड्डाणाचा वेळ देणारी बहुतेक गणकयंत्रे एक साधा हिशेब करतात: अंतराला ताशी आठशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने भागायचे आणि चढ-उतारासाठी अर्धा तास मिळवायचा. ६५७ किलोमीटरला या हिशेबाने पन्नास मिनिटांपेक्षा थोडे कमी येतात, त्यात तीस मिळवली की एक तास वीस मिनिटे होतात. हा हिशेब मुंबई-दिल्लीसारख्या मार्गावरच्या मोठ्या जेट विमानाला ठीक लागू पडतो. एटीआर ७२ हे मात्र पंख्याचे, म्हणजे टर्बोप्रॉप विमान आहे. उंची गाठल्यावरचा त्याचा कमाल स्थिर वेग २७५ नॉटच्या जवळ, म्हणजे ताशी सुमारे ५१० किलोमीटर असतो. केवळ या वेगाने अंतर कापायचे म्हटले तरी ऐंशी मिनिटे जवळपास लागतात, आणि विमान हा वेग संपूर्ण अंतरभर राखत नाही. कोल्हापूरहून उठून सतरा किंवा एकोणीस हजार फुटांवर पोहोचेपर्यंत वीसेक मिनिटे जातात, या काळात पुढे जाण्याचा वेग कमी असतो, आणि उतरताना पुन्हा तोच प्रकार होतो. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानांना विषम आणि पश्चिमेकडे येणाऱ्यांना सम हजारांची उंची देण्याचा नियम असल्यामुळे परतीच्या प्रवासात हेच विमान सोळा किंवा अठरा हजारांवरून येते.

यात जमिनीवरचा वेळही धरावा लागतो. तिकिटावर छापलेला वेळ म्हणजे चाके जमिनीवरून उठल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ नव्हे. विमान आपल्या जागेवरून हलते त्या क्षणापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर येऊन थांबते त्या क्षणापर्यंतचा तो वेळ असतो. त्या व्यवसायात त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. मोठ्या विमानतळांवर धावपट्टीपर्यंतची रांग हा त्यातला मोठा भाग असतो. लहान ठिकाणी रांग नसते, पण धावपट्टीला समांतर टॅक्सी-वे, म्हणजे विमानाला टोकापर्यंत नेणारा वेगळा रस्ता, नसला तर विमानाला धावपट्टीवरूनच शेवटच्या टोकापर्यंत चालत जाऊन, तेथे वळून, मग उड्डाणासाठी धावावे लागते. शिवाय वेळापत्रक आखताना कंपन्या थोडा सैल वेळ राखून ठेवतात, कारण ठरल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत सुटलेले वा पोहोचलेले विमान वेळेवर धरले जाते आणि ती आकडेवारी दरमहा जाहीर होते. हे सगळे मिळवले की एटीआरसाठी एक तास चाळीस ते पन्नास मिनिटे हा वाजवी आकडा येतो. हेच अंतर लहान जेटने कापले, तर अंतरमापकाने दिलेला एक तास वीस मिनिटांच्या आसपासचा आकडा जुळून जातो. कोल्हापूरशी नाते असलेल्या घोडावत समूहाच्या स्टार एअरकडे एम्ब्रेअरची अशी जेट विमाने आहेत. तेव्हा तिकीट काढताना विमानाची जात पाहावी. कंपनीच्या नावापेक्षा ती अधिक बोलते.

मग पंख्याचे विमान का वापरले जाते, असा प्रश्न साहजिकच येतो. त्याचे उत्तर कोल्हापूरच्या धावपट्टीत दडलेले होते. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात १९३९ साली सुरू झालेल्या उजळाईवाडीच्या या विमानतळाची धावपट्टी अगदी अलीकडेपर्यंत १,३७० मीटरची होती. समुद्रसपाटीवर, फारसे ऊन नसताना, पूर्ण वजनाच्या एटीआर ७२ ला उड्डाणासाठी साधारण १,३०० मीटरहून थोडी अधिक लांबी लागते. कोल्हापूरचा विमानतळ मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. उंचीवर हवा विरळ असते, एप्रिलच्या दुपारी ती तापून आणखी विरळ होते, आणि विरळ हवेत पंखांना तेवढेच बळ मिळण्यासाठी अधिक वेग, म्हणजेच अधिक लांबीची धाव लागते. अशा वेळी कंपनीपुढे दोनच मार्ग उरतात, काही आसने रिकामी ठेवायची किंवा इंधन कमी घ्यायचे. जेट विमानाला याहून लांब धावपट्टी हवी असते, त्यामुळे ती वाढून १,९३० मीटर झाल्यावरच मोठ्या पर्यायांचा विचार करता येऊ लागला. २०२४ च्या मार्चमध्ये नव्या टर्मिनल इमारतीचे उद्घाटन झाले, त्याची छायाचित्रे सर्वांनी पाहिली आणि एकमेकांना पाठवली. प्रवाशाचा वेळ वाचवणारी गोष्ट मात्र ती इमारत नसून तिच्यासमोर पसरलेली जादा साडेपाचशे मीटरची पट्टी आहे, आणि तिचे छायाचित्र कोणी काढत नाही.

वाऱ्याचा परिणाम लोक समजतात त्यापेक्षा मोठा असतो, आणि पंख्याच्या विमानाला तो अधिक जाणवतो, कारण त्याच्या कमी वेगात वाऱ्याचा वाटा प्रमाणाने जास्त पडतो. समजा वारा ताशी चाळीस किलोमीटरचा आहे आणि तो बरोबर पाठीमागून येतो आहे. मग ताशी पाचशेने जाणाऱ्या विमानाचा जमिनीच्या तुलनेतला वेग पाचशेचाळीस होतो आणि हे अंतर त्र्याहत्तर मिनिटांत संपते. तोच वारा समोरून आला तर शहाऐंशी मिनिटे लागतात. म्हणजे जाण्यायेण्यात तेरा मिनिटांचा फरक पडतो आणि त्यात कोणाचा काही दोष नसतो. पावसाळ्यात आपल्या भागात खालच्या थरांत पश्चिमेकडून वारे वाहतात आणि खूप वरच्या थरांत ते उलटे, पूर्वेकडून येतात. एटीआर खालच्या थरात उडत असल्यामुळे जुलैत तिरुपतीला जाताना त्याला या पश्चिमेच्या वाऱ्याची मदत मिळण्याची शक्यता जास्त, तर फार उंचावरून जाणाऱ्या मोठ्या जेटला त्याच दिवशी त्याच दिशेने जाताना समोरचा वारा लागू शकतो. अर्थात पावसाळ्यात वाऱ्यापेक्षा ढगांची चिंता अधिक करावी. ढगांना वळसा घालण्यात वाचलेली मिनिटे सहज खर्ची पडतात.

तिरुपतीच्या टोकालाही भूगोल आपला वाटा मागतो. विमानतळ रेणिगुंट्याला, समुद्रसपाटीपासून शंभरेक मीटर उंचीवर आहे, आणि त्याच्या पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर तिरुमला सुमारे ८५० मीटर उंचीवर आहे. कोल्हापूरकडून येणारे विमान नेमके याच बाजूने, शेषाचलमच्या रांगांच्या दिशेने येते, त्यामुळे अगदी सरळ घसरत खाली येण्याची मोकळीक त्याला नसते. डोंगर ओलांडेपर्यंत पुरेशी उंची राखून मग उतरावे लागते. वारा पूर्वेकडून असला तर पश्चिमेकडून येऊन थेट उतरता येते, अन्यथा विमानतळाला वळसा घालून पलीकडून यावे लागते आणि काही मिनिटे आणखी जातात. जाता जाता आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही वेळापत्रकात नसते: दोन्ही ठिकाणी घड्याळ एकच असले तरी तिरुपती सव्वापाच अंश पूर्वेला असल्यामुळे तेथे सूर्य कोल्हापूरपेक्षा एकवीस मिनिटे आधी माथ्यावर येतो. कोल्हापूरच्या सवयीने संध्याकाळच्या उजेडाचा अंदाज बांधणाऱ्याला तेथे दिवस लवकर संपल्यासारखा वाटतो.

अंतराच्या या आकड्याला पैशाचीही बाजू आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये उडान योजना जाहीर केली तेव्हा एका तासाच्या, म्हणजे साधारण पाचशे किलोमीटरच्या विमान प्रवासाला २,५०० रुपयांची भाडेमर्यादा ठरवली. तासाला पाचशे किलोमीटर हे समीकरण पाहताच लक्षात येते की योजना आखणाऱ्यांच्या नजरेसमोर जेट नव्हते, पंख्याचे विमान होते. ही मर्यादा विमानातल्या सर्व आसनांना नसून ठरावीक आसनांनाच लागू असते, अंतराच्या टप्प्यानुसार ती वाढते, आणि कंपनीला होणारी तूट भरून काढण्यासाठी मिळणारी मदत तीन वर्षांपुरती असते. माझ्या मते योजनेचा कस या तीन वर्षांनंतरच लागतो. देशभरात कित्येक मार्ग मदत संपल्यावर, काही तर त्याआधीच, बंद पडले. कोल्हापूर-तिरुपतीसारख्या मार्गाला निदान बारमाही भाविकांचा आधार आहे, तरीही आठवड्यातले दिवस, विमानाची जात आणि कंपनी यांत बदल होत राहतात. म्हणून मागच्या वर्षीच्या अनुभवावर यंदाची यात्रा आखू नये.

थेट विमान नसलेल्या दिवशी अंतराचा आकडा कसा निरर्थक होतो ते पाहण्यासारखे आहे. हैदराबादमार्गे गेल्यास आधी सुमारे ४४५ आणि मग ४१८, असे एकूण ८६३ किलोमीटर होतात. बेंगळुरूमार्गे ५३२ आणि २०४ मिळून ७३६ होतात, म्हणजे सरळ अंतरापेक्षा ऐंशीच किलोमीटर जास्त. नकाशावर बेंगळुरूचा मार्ग उजवा दिसतो. पण मधल्या विमानतळावर दोन, तीन किंवा पाच तास बसावे लागते, आणि तेवढ्या वेळात हैदराबादच्या तुलनेत हवेत वाचलेल्या सव्वाशे किलोमीटरच्या बचतीचा मागमूसही उरत नाही. बेंगळुरूपर्यंत विमानाने जाऊन पुढचे अडीचशे किलोमीटर मोटारीने जाणारे लोकही मला ठाऊक आहेत, आणि सामान व माणसे जास्त असतील तर तो शहाणपणाचा पर्याय ठरू शकतो. तिसरा पर्याय बेळगावचा आहे. सांबरा विमानतळापासून तिरुपती ५८५ किलोमीटरवर, म्हणजे कोल्हापूरपेक्षा जवळ आहे. परंतु ही सत्तर किलोमीटरची बचत विमानाला आठ मिनिटांची आहे, आणि तिच्यासाठी कोल्हापूरकराला मोटारीत दोन तास घालवावे लागतात. थेट विमान कोल्हापूरहून नसेल आणि बेळगावहून असेल, तेव्हाच तो हिशेब जमतो.

आता घराच्या उंबऱ्यापासून तिरुमलापर्यंतचा हिशेब. शहरातून उजळाईवाडीला पोहोचायला अर्धा तास पुरतो, आणि आमच्या विमानतळाचा हा फार मोठा गुण आहे. सुटण्याच्या दीड-दोन तास आधी पोहोचावे, कारण काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो आणि लहान विमानतळावर चुकलेल्या विमानाच्या मागून दुसरे येत नाही. हवेत आणि धावपट्टीवर मिळून पावणेदोन तास, सामान घेऊन बाहेर पडायला वीस-पंचवीस मिनिटे, आणि रेणिगुंट्यापासून डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या अलिपिरीच्या नाक्यावरची तपासणी व घाट धरून तिरुमलापर्यंत सव्वा ते दीड तास. अशी बेरीज सहा तासांच्या जवळ जाते, आणि त्यात प्रत्यक्ष विमानाचा वाटा एक तृतीयांशापेक्षाही कमी असतो. अलिपिरीच्या पुढच्या घाटात एक गमतीचा नियम आहे. जाण्याचा आणि येण्याचा रस्ता वेगळा, नाक्यावर वाहनाच्या सुटण्याची वेळ नोंदवतात, आणि ठरवलेल्या किमान वेळेच्या आधी दुसऱ्या टोकाला पोहोचणाऱ्या वाहनावर कारवाई होते. सबंध प्रवासात मिनिटे वाचवत आलेल्या माणसाला येथे सक्तीने सावकाश जावे लागते.

तीनशे रुपयांच्या विशेष प्रवेश दर्शनाच्या तिकिटावर दिवस आणि वेळ छापलेली असते, आणि ही तिकिटे बऱ्याच आधी खुली होऊन लवकर संपतात. म्हणून मी आधी दर्शनाचे तिकीट काढतो आणि त्यानंतर विमानाचे, उलट कधीच नाही. विमान दुपारी उतरणार असेल तर त्या दिवशीची दर्शनाची वेळ घेत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची घेतो आणि मुक्काम शक्यतो वरच करतो. परतीच्या विमानासाठी वरून निघताना सुटण्याच्या वेळेआधीचे साडेतीन तास धरतो, कारण उतरणीच्या घाटातली किमान वेळ चढणीपेक्षा जास्त असते आणि तिरुपती शहरातली वाहतूक कोणाच्याच वेळापत्रकाला जुमानत नाही. बरोबर वयस्कर माणसे असतील, तर पंख्याच्या विमानात पुढच्या रांगा न घेता मागच्या घ्याव्यात: एटीआरमध्ये प्रवाशांचे दार मागच्या बाजूला असते, चढता-उतरताना चालावे कमी लागते, आणि पंख्यांचा आवाजही तेथे थोडा कमी येतो.